टॉमी जॉन सर्जरी: बेसबॉलच्या पिचरांची कोपरं का जातायत?

हा आजच्या एपिसोडचा लेखी मजकूर. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नसेल किंवा ज्यांना आकडे परत बघायचे असतील, त्यांच्यासाठी. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

विषय जरा लांबचा वाटेल. बेसबॉल, तोही अमेरिकेतला. पण मी त्यात कसा पडलो ते आधी सांगतो.

मागच्या नोव्हेंबरात ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, टेक्सासमध्ये असते. तिचा मुलगा तेरा वर्षांचा, बेसबॉल खेळतो, पिचर आहे. आपल्याकडे जसा बॉलर, तसा तिकडे पिचर. ताई म्हणाली, "अरे, याचं कोपर आतल्या बाजूने दुखतंय. दोन आठवडे झाले. अकॅडमीवाले म्हणतायत हिवाळ्यात स्पीड वाढवायचा कार्यक्रम आहे, त्यात घाला. आणि पालकांच्या ग्रुपवर सारखं टॉमी जॉन, टॉमी जॉन. एक जण तर म्हणाला, वेळ आलीच तर सर्जरी करून टाकायची, पोरं उलट आणखी जोरात टाकायला लागतात. तू दिवसभर आकड्यांत डोकं घालून बसतोस ना? जरा बघून सांग, हे खरं आहे का?"

मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलेला माणूस. डॉक्टर नाही. त्यामुळे पहिलं उत्तर एवढंच दिलं, की आधी डॉक्टरकडे ने. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचत गेलो, आणि जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतोय.

आधी हात पुढे करा

कोपर म्हटलं की आपल्याला सचिनचा टेनिस एल्बो आठवतो. २००४ मध्ये अख्ख्या देशाला तो शब्द पाठ झाला होता. पण टेनिस एल्बो असतो कोपराच्या बाहेरच्या बाजूला, आणि तो स्नायूच्या टोकाचा त्रास आहे. आपण बोलतोय ते आतल्या बाजूचं.

उजवा हात समोर धरा, तळवा वर करा. कोपराच्या आतल्या बाजूला, शरीराकडे, एक टणक उंचवटा लागेल. त्या उंचवट्यापासून खालच्या हाडापर्यंत एक छोटी, चिवट पट्टी जाते. तिला अल्नर कोलॅटरल लिगामेंट म्हणतात. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा. रोजच्या कामात या पट्ट्याला फारसं काही करावं लागत नाही. डबा उचला, बाइक चालवा, दिवसभर टायपिंग करा, तो निवांत असतो. पण हात डोक्यावरून मागे नेऊन पूर्ण ताकदीने काही फेकलंत, की कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं. ते उघडू न देणं हे या पट्ट्याचं काम.

आता दुसरा प्रयोग. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर येते का? तो पामारिस लाँगस नावाच्या स्नायूचा टेंडन. काही जणांना तो जन्मतःच नसतो आणि त्यांचं काही अडत नाही. म्हणजे शरीरातला स्पेअर पार्टच म्हणा. हा स्पेअर पार्ट लक्षात ठेवा.

टॉमी जॉन कोण?

टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. १७ जुलै १९७४ ला माँट्रियल एक्सपोजविरुद्धच्या मॅचमध्ये बॉल टाकताना त्याचं कोपर गेलं. वय ३१. सीझन त्याच्या करिअरमधल्या सगळ्यात चांगल्यांपैकी एक चालला होता. तोपर्यंत हा लिगामेंट फाटला की पिचरने घरी जायचं, एवढाच उपाय होता.

टीमचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी एक कल्पना मांडली. दुसऱ्या हाताच्या मनगटातला तोच स्पेअर टेंडन काढायचा, कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडायची, आणि बुटाची नाडी ओवतो तसा तो टेंडन त्यातून ओवून नवा पट्टा तयार करायचा. यश मिळण्याची शक्यता किती? जोब म्हणाले, शंभरात एक. २५ सप्टेंबर १९७४ ला सर्जरी झाली. हाताच्या नर्व्हला त्रास झाला म्हणून त्याच वर्षी परत एकदा टेबलावर जावं लागलं. १९७५ चं अख्खं वर्ष गेलं. १९७६ मध्ये टॉमी जॉन परत मैदानात उतरला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. करिअरमधल्या २८८ विजयांपैकी १६४ सर्जरीनंतरचे!

पुढे १९८६ मध्ये जोब यांनी पहिल्या १६ खेळाडूंचे निकाल छापले. त्यातले १० आधीच्या पातळीवर परतले होते. नंतर तंत्र सुधारलं. २०१० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात परतणाऱ्यांचं प्रमाण ८३ टक्के होतं. जे करिअर संपल्याचं लक्षण होतं, ते दीड वर्षाच्या रजेवर आलं. जोब यांचं हे काम थोरच आहे. गडबड पुढे झाली.

आकडे काय म्हणतात

डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने पिचरांच्या दुखापतींवर स्वतःचा एक जाडजूड अहवाल काढला. दोनशेहून जास्त लोकांशी बोलून केलेला. त्यात मेजर आणि मायनर लीग मिळून कोपराच्या लिगामेंटच्या सर्जरींचा हिशोब असा:

२०१० मध्ये १०४.
२०२० मध्ये ३१४.
२०२४ मध्ये २८१.

म्हणजे दहा वर्षांत तिप्पट, मग थोडी घसरण.

आमच्या कामात एक सवय लागते. आकडा वाढलेला दिसला की आधी विचारायचं, भाजक वाढलाय का? इथे खेळाडूच वाढले असतील तर सर्जऱ्या वाढणारच. पण तसं नाही. उलट २०२१ मध्ये मायनर लीगच्या टीम १६० वरून १२० वर आणल्या गेल्या. दुसरी शंका अशी, की पूर्वी ज्यांचं निदानच होत नव्हतं किंवा जे गुपचूप खेळ सोडून देत होते, ते आता सर्जरी करून घेतात. यात तथ्य आहे. इलाज चांगला झाला की तो घेणारे वाढतात. आणि २०२० हे कोविडचं वर्ष. मायनर लीगचा सीझन झालाच नाही, मेजर लीगमध्ये जेमतेम ६० मॅच. त्यामुळे त्या एका शिखरावरून मोठं काही सिद्ध करू नये.

म्हणून दुसरा आकडा बघू, ज्यात सर्जरी करायची की नाही हा प्रश्नच येत नाही. २००५ मध्ये मेजर लीगचे पिचर २१२ वेळा दुखापतग्रस्तांच्या यादीत गेले. २०२४ मध्ये ४८५ वेळा. वाया गेलेले दिवस १३,६६६ वरून ३२,२५७. आता मात्र पळवाट राहत नाही. हात खरंच जास्त मोडतायत.

आज मेजर लीगमधल्या साधारण एक तृतीयांश पिचरांच्या कोपरावर त्या सर्जरीचा व्रण आहे.

मग बदललं काय?

वेग. २००८ मध्ये मेजर लीगच्या मुख्य फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता. २०२४ मध्ये ९४.२. म्हणजे ताशी १४७ किलोमीटरवरून जवळपास १५२. तुम्ही म्हणाल, पाच किलोमीटरने काय होतंय? पण ही सरासरी आहे. आपल्याकडे १५० टाकणारा एखादा आला की पेपरात फोटो येतो. तिकडे १५२ म्हणजे सर्वसाधारण माणूस.

आता कोपरात काय होतं ते बघा. बॉल सुटायच्या आधी पिचरचा हात इतका मागे जातो, की पुढचा हात जवळजवळ जमिनीला समांतर होतो. तिथून तो चाबकासारखा पुढे येतो. खांद्यातून हात फिरण्याचा वेग सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास मोजला गेलाय. त्या वेगाने सेकंदभर फिरत राहिला तर एकोणीस फेऱ्या होतील. त्या क्षणी कोपराला आतून उघडणारा पीळ असतो साधारण ६४ न्यूटन-मीटर. कोपरापासून एक मीटर लांब काठी धरा आणि तिच्या टोकाला साडेसहा किलोचं वजन लावा, तेवढा.

मृत शरीरांवरच्या चाचण्यांमध्ये नुसता हा लिगामेंट साधारण ३२ न्यूटन-मीटरला फाटतो.

परत वाचा. भार ६४, पट्ट्याची क्षमता ३२. मग प्रत्येक बॉलला तो फाटत का नाही? कारण बाकीचा भार पुढच्या हाताचे स्नायू आणि हाडांची ठेवण उचलते. पण स्नायू दमतात. ते दमले की त्यांचा वाटा पट्ट्यावर येतो. आणि खरी मेख इथे आहे. जिममध्ये जाऊन पाय, पाठ, खांदा मजबूत करता येतो, म्हणजे इंजिन मोठं करता येतं. लिगामेंट मात्र त्या मापाने वाढत नाही. इंजिन ट्रकचं आणि बोल्ट स्कूटरचा, अशी ती गत.

आमच्याकडे सर्व्हर कुणी शंभर टक्के लोडवर चालवत नाही. अडीअडचणीसाठी जागा ठेवतो. जुने पिचरही ती ठेवायचे. त्यांना आठ-नऊ इनिंग टाकायच्या असायच्या, म्हणून ते जोर राखून खेळायचे आणि अडचण आली की शेवटचा गिअर टाकायचे. आता पाच-सहा इनिंग टाका, पण प्रत्येक बॉल जीव तोडून, मग पुढचा ताजा माणूस येईल, असा हिशोब आहे. शिवाय प्रत्येक बॉलचा वेग, फिरकी, वळण कॅमेऱ्यांनी मोजलं जातं, आणि जे मोजलं जातं त्यावर पगार ठरतो. पिचर मूर्ख नाहीत. वेग वाढला की बॅट्समन खरंच चुकतो, टीमला खरंच फायदा होतो. प्रत्येक जण आपल्यापुरता बरोबर वागतोय आणि सगळ्यांचे हात जातायत.

अहवालातही मुख्य बोट वेगाचा आणि फिरकीचा ध्यास, आणि प्रत्येक बॉलला पूर्ण जोर यांच्याकडेच आहे. खेळाडूंची संघटना मात्र एप्रिल २०२४ मध्ये वेगळं म्हणत होती. २०२३ मध्ये पिच क्लॉक आलं, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत बॉल टाकायचा नियम. दोन बॉलमधली विश्रांती कमी झाली, म्हणून दुखापती, असा त्यांचा मुद्दा. लीगच्या अहवालाने त्याला पुरावा नाही म्हटलं. अर्थात अहवाल लीगचा, हे विसरायचं नाही. पण आकडे पिच क्लॉकच्या कितीतरी आधीपासून चढतायत, हेही खरं.

आणखी एक गोष्ट मला खटकली. दुखापतींची वाढ सीझनच्या आधी, स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये ठळक दिसते. पूर्वी हिवाळा विश्रांतीचा असायचा. आता हिवाळा स्पीड वाढवण्याचा असतो, आणि पिचर पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने येतो. ताईच्या अकॅडमीचा कार्यक्रम आठवला ना?

आपल्या बॉलरना हे का होत नाही?

एपिसोडच्या आधी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे विचारलं होतं. क्रिकेटमध्ये बॉल टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, नाहीतर तो थ्रो. त्यामुळे कोपराचा चाबूक होत नाही. भार पाठीवर जातो, म्हणून बुमराहच्या पाठीची सर्जरी झाली. पण भालाफेकीत कोपर वाकतं. नीरज चोप्राच्या उजव्या कोपराची सर्जरी २०१९ मध्ये मुंबईतच झाली होती. ती टॉमी जॉन नव्हती, वेगळी होती. पण फेकणाऱ्याचं कोपर किती सोसतं, याचा आपल्या घरचा दाखला तो.

"सर्जरी केली की स्पीड वाढतो"

हा समज किती पसरलाय? २०१२ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत शाळकरी खेळाडूंपैकी ५१ टक्के आणि पालकांपैकी ३७ टक्के म्हणाले, की दुखापत नसली तरी खेळ सुधारायला ही सर्जरी करायला हरकत नाही. कोपर चांगलं असताना!

हा गैरसमज का होतो ते कळतं. दुखऱ्या, अर्धवट फाटलेल्या लिगामेंटने पोरगा महिनोन् महिने टाकत असतो, वेग घसरलेला असतो. मग सर्जरी होते, वर्षभर पाय, पाठ, खांद्याचा व्यायाम होतो, शाळकरी पोराची तोवर उंचीही वाढते. परतल्यावर वेग वाढलेला दिसतो आणि श्रेय टेंडनला जातं.

शिवाय समोर दिसतात ते परतलेले. जस्टिन व्हर्लँडरची सर्जरी २०२० मध्ये झाली, आणि २०२२ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी त्याने साय यंग पुरस्कार घेतला. शोहेई ओहतानीची पहिली सर्जरी २०१८ मध्ये आणि २०२३ मध्ये त्याच कोपरावर दुसरी. तरीही त्याच डिसेंबरात डॉजर्सनी त्याच्याशी ७० कोटी डॉलरचा करार केला. अर्थात ओहतानी बॅटिंगही करतो. २०२४ मध्ये तो एकही बॉल न टाकता ५४ होम रन मारून गेला. बाकीच्या पिचरांना ही सोय नसते. जेकब डीग्रॉमवरही दोनदा ही पाळी आली. म्हणजे नवा पट्टा हा आयुष्यभराची वॉरंटी नाही. आणि जे सोळा-सतरा टक्के आधीच्या पातळीवर परतत नाहीत, त्यांचे व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही.

पोरांचं काय?

सगळ्यात जास्त मला थांबवलं ते इथे. २००७ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा या सर्जरी करून घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांवर, १५ ते १९ वयाचे निघाले. करोडोंचे पगार घेणारे स्टार नाहीत. शाळा-कॉलेजची पोरं.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचर मुलांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. वर्षाला १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट होता. त्यांच्याच २००६ च्या अभ्यासात, वर्षातले आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांना सर्जरीची शक्यता पाच पट, आणि हात दमलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांना ३६ पट आढळली. ही टायपिंगची चूक नाही. छत्तीस.

घाबरवायचं नाहीये. त्या ४८१ पैकी दहा वर्षांत गंभीर दुखापत झालेले साधारण ५ टक्केच. पण कुठला धोका आपल्या हातात आहे ते यातून कळतं. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये पिच स्मार्ट नावाची नियमावली काढली. १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, वर्षाला १०० इनिंग, आणि वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग.

खुद्द टॉमी जॉनने आपलं नाव लहान मुलांच्या सर्जरीला लागतंय याबद्दल जाहीरपणे वाईट वाटल्याचं सांगितलंय. आणि तो स्वतः कधी वेगवान पिचर नव्हताच. बॉल खाली बुडवून लोकांना बाद करायचा.

ताईला काय सांगितलं

डॉक्टरांनी तपासलं. लिगामेंट शाबूत होता. या वयात हाडाची वाढ जिथे चालू असते ती जागा लिगामेंटपेक्षा नाजूक असते, तिथे ताण आला होता. सहा आठवडे काहीही फेकायचं नाही, असं सांगितलं.

मी ताईला एवढंच म्हटलं, की सर्जरी चांगली आहे, पण ती फाटल्यानंतरची सोय आहे, आधीची योजना नाही. अकॅडमीचा हिवाळा सोडून दे. तिने सोडला. पोराचा मेसेज आला, "मामा, यू आर द व्हिलन." पुढे चिडलेल्या तोंडाचे चार इमोजी.

याची किंमत नव्हती असं मी म्हणणार नाही. त्याचा मित्र त्या कार्यक्रमाला गेला, त्याचा वेग वाढला, आणि वसंतात वरच्या टीममध्ये त्याची निवड झाली. आमच्या पोराची झाली नाही. तो खालच्या टीममध्ये आहे, पिच मोजून टाकतो, उरलेल्या वेळी फर्स्ट बेसवर उभा राहतो. मित्राचं कोपर आयुष्यभर टिकेलही, मी भविष्य सांगत नाही. एकट्याने थांबायचं म्हणजे मागे पडायचं, हीच तर या सगळ्याची अडचण आहे. म्हणून नियम सगळ्यांना सारखे हवेत, आणि ते होईपर्यंत घरातल्या कुणीतरी व्हिलन व्हायला हवं.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने मला अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट दाखवलं. "मामा, माझ्याकडे स्पेअर आहे बघ."

म्हटलं, "छान. तो तिथेच राहू दे."

चला मंडळी, इथे थांबतो. तुमच्या ओळखीत कुणी लहान वयात एकच खेळ बारा महिने खेळत असेल, तर हा एपिसोड त्यांच्या घरच्यांना पाठवा. पुढच्या वेळी भेटूच!